पुढच्याचा आवाज, मागच्याच्या कानात



आमचं इंझोरी हे वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं गाव. मानोरा गाठायचं असो, कारंजा गाठायचं असो की मंगरुळपीर, मोटारसायकल बाहेर काढल्याशिवाय इथला दिवस जात नाही. बाजार, दवाखाना, बँक, कॉलेज, लग्नाचं बोलावणं, सगळं दुचाकीवर. आणि आमच्याकडे माणूस एकटा क्वचितच निघतो. दोन गाड्या आणि चार माणसं असा हिशेब असतो. पोहरादेवीला, माहूरला, शेगावला जायचं म्हटलं की पाच-सहा गाड्यांचा जथा सहज जमतो. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो खरा, पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. तेव्हा आपले ते दोन पदरी रस्तेच बरे, ट्रक, एस.टी., ट्रॅक्टर, बैलगाडी आणि आपण, सगळे एकाच डांबरावर.

आता या गाड्या चालता चालता एकमेकींशी बोलतात कशा? मागचा हॉर्न वाजवतो. पुढच्याला वाटतं, 'बाजूला हो' म्हणतो आहे. तो बाजूला होतो. मागच्याला सांगायचं असतं की तुझी पिशवी लोंबकळते आहे. मग मागचा गाडी शेजारी आणतो, हेल्मेटची काच वर करतो, आणि दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत, रस्त्याकडे न बघता, ताशी पन्नासच्या वेगानं पिशवीची चर्चा करतात. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेलं आहे. आपल्यापैकी बरेच जण त्या दृश्यात असतातही.

यावर उपाय म्हणून हेल्मेटला लावायचे छोटे संच मिळतात. त्यांना 'इंटरकॉम' म्हणतात. शहरातून लांबच्या सहलीला निघणाऱ्या मोटारसायकलवाल्यांकडे ते बरीच वर्षं आहेत. आता ते आपल्याही भागात दिसू लागले आहेत. ट्रान्झिस्टर उघडून बघायची हौस मला जुनी, म्हणून गावातली पोट्टी विचारायला येतात, "काका, कोणता घेऊ?" मी उलट विचारतो, "बापू, बोलायचं कोणाशी आहे, आणि काय बोलायचं आहे?" या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की कोणता घ्यायचा हे बहुतेक आपोआप ठरतं. आज मला हाच हिशेब तुमच्यासमोर मांडायचा आहे.

आधी, असा संच लागतो कशाला? गप्पांसाठी असेल तर नका घेऊ. गप्पा चहाच्या टपरीवर जास्त रंगतात. संच लागतो तो रस्त्यावरच्या संकटाची वर्दी द्यायला. आमच्याकडे रात्रीच्या रस्त्यावरचं मोठं संकट म्हणजे रोही. पुस्तकात त्याला नीलगाय म्हणतात. पूर्ण वाढलेला नर २०० किलोंच्या आसपास भरतो. कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य जिल्ह्यातच आहे, पण रोही अभयारण्याच्या हद्दी मानत नाही. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या शेतात तो सगळीकडे असतो. हा प्राणी एकटा रस्ता ओलांडेलच असं नाही. एक गेला की त्याच्या मागून दुसरा येतो. पुढच्या गाडीवाल्याला पहिला दिसतो आणि तो वाचतो. मागच्या गाडीसमोर दुसरा येतो. पुढच्यानं पाहिलेलं मागच्याला वेळेत कळलं पाहिजे, एवढीच इथली गरज आहे.

वेळेत म्हणजे किती? ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात १६ ते १७ मीटर जाते. तीन सेकंद आधी कळलं, तर ५० मीटर हाती येतात. तेवढ्यात गाडी आवरता येते. रोह्याच्या जागी सोयाबीन भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली ठेवा, किंवा पावसानं खचलेली रस्त्याची कड ठेवा. हिशेब तोच राहतो.

पूर्वी बैलगाड्यांची रांग रात्री बाजाराला निघायची, तेव्हा पहिला गाडीवान ओढा आला की मोठ्यानं ओरडून सांगायचा आणि मागचे एकामागून एक ती आरोळी पुढे द्यायचे. बैलाच्या चालीला ती पद्धत पुरेशी होती. मोटारसायकलच्या वेगाला आणि हेल्मेटच्या आत ती पोचत नाही, म्हणून रेडिओलहरींची मदत घ्यायची.

हे संच ज्या लहरींवर चालतात त्या ब्लूटूथच्या. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड नावाच्या राजाच्या टोपणनावावरून आलं. त्यानं विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या, तशी ही विद्या निरनिराळी यंत्रं एकत्र आणील, अशी त्यामागची कल्पना. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन या डच अभियंत्यानं १९९४ पासून त्यावर काम केलं, आणि १९९९ मध्ये त्याचं पहिलं प्रमाण जाहीर झालं. यात लहर एका जागी थांबत नाही. ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा ती उड्या मारते, म्हणून शेजारच्याचा त्रास कमी होतो. उड्या मारणाऱ्या लहरींची एक युक्ती हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाईल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुचवली होती. पाणतीराला दिले जाणारे संदेश शत्रूला बिघडवता येऊ नयेत, हा त्यांचा हेतू. १९४२ मध्ये त्यांना त्याचं पेटंटही मिळालं. सिनेमातली बाई आणि पाणतीर यांचा आपल्या हेल्मेटशी असा लांबचा नातेसंबंध आहे.

या लहरींचा पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. घरातलं वाय-फाय त्याच्यावरच चालतं. भारतात २००५ च्या नियमांनी या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. म्हणून असा संच वापरायला तुम्हाला कोणाचा परवाना काढावा लागत नाही.

पण या लहरीचा एक स्वभाव आहे, आणि खरेदीत बहुतेकांची फसगत तिथेच होते. तिची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. अडथळ्याला वळसा घालून जाणं तिला फारसं जमत नाही. मधे ट्रक आला, टेकाडाचं वळण आलं, की ती अडते. पाण्यातही ती शोषली जाते, आणि माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. ओल्या झाडोऱ्यातही ती लवकर मंदावते. पेटीवर '१ किलोमीटर', '२ किलोमीटर' असं छापलेलं असतं ते मोकळ्या मैदानात, एकाला दुसरा स्पष्ट दिसत असताना मोजलेलं असतं. आपला रस्ता मैदान नाही. माहूरच्या चढावर किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना दोन वळणांच्या पलीकडचा माणूस दिसत नाही, तसा तो ऐकूही येत नाही. तेव्हा छापील अंतर ऐकून हुरळून जाऊ नये. आपल्याला लागतं किती, तेही पाहावं. दोन गाड्यांत दोन-तीनशे मीटरपेक्षा जास्त अंतर पडलं, तर पुढच्यानं सांगितलेला खड्डा मागच्याच्या लक्षातही राहत नाही.

आता प्रकार पाहू. पहिला प्रकार साध्या ब्लूटूथ जोडणीचा. यात दोन संच एकमेकांना जोडले जातात. नवरा-बायको एकाच गाडीवर, किंवा दोन मित्र दोन गाड्यांवर, यांना तो पुरतो. त्यात तीन-चार जणही जोडता येतात, पण ते साखळीसारखे. पहिल्याचा हात दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. साखळीतला मधला पेट्रोल भरायला थांबला की साखळी तुटली. मागचे दोघं आपसात बोलत राहतात आणि पुढच्याला वाटतं, सगळे गप्प का झाले?

दुसरा प्रकार जाळ्याचा. त्याला 'मेश' म्हणतात. यात प्रत्येक संच आपलं बोलणं पाठवतो आणि दुसऱ्याचं आलेलं बोलणं पुढेही देतो. वारीतली दिंडी आठवा. एखादा वारकरी पाणी प्यायला बाजूला झाला तर दिंडी मोडत नाही, मागचा पुढे सरकतो. तो परत आला की त्याला जागा मिळते. जाळ्याचं तसंच. या विद्येचं मूळ १९७० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं केलेल्या फिरत्या रेडिओच्या प्रयोगांत आहे. मोटारसायकलच्या संचात ती कार्डो या मूळच्या इस्रायली कंपनीनं २०१५ च्या सुमारास आणली. पाठोपाठ दक्षिण कोरियाच्या सेना कंपनीनं आणली. नाव ऐकून गैरसमज नको, ही कंपनी तिकडची आहे. आपल्याकडे बंगळूरची ब्लूआर्मर ही कंपनीही असे संच बनवते. शिवाय चिनी बनावटीचे कितीतरी प्रकार बाजारात आहेत.

जाळ्याच्या संचातली मुख्य अडचण अशी की एका कंपनीचं जाळं साधारणपणे दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात मिसळत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे संच साध्या ब्लूटूथनं जोडता येतात, पण तेव्हा पुष्कळदा संच दुसऱ्याला 'फोन' समजतो. मग खऱ्या फोनची जागा जाते, आवाजाचा दर्जा उतरतो आणि जाळ्याचा फायदाही मिळत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा की एकट्यानं संच घेऊ नका. ज्यांच्यासोबत नेहमी जाता त्यांना आधी विचारा. चार मित्रांनी चार कंपन्यांचे भारी संच घेण्यापेक्षा चौघांनी एकाच कंपनीचे मध्यम संच घेतलेले बरे. त्यातला एकाजवळ आधीच असेल तर बाकीच्यांनी त्याचीच कंपनी धरावी.

तिसरा मार्ग फुकटचा. मोबाइलवर सगळ्यांनी एकत्र कॉल लावायचा आणि कानात बोंडं घालायची. पोरं हा सर्रास वापरतात. याचे तोटे तीन. मोबाइलचं जाळं जिथं नाही तिथं हा मुका होतो. मेळघाटात शिरलात की याचा अनुभव येतो. दुसरं, आवाज मनोऱ्यावरून आणि इंटरनेटवरून फिरून येतो, त्यात थोडा उशीर होतो. घरी बसून बोलताना तो जाणवत नाही, पण 'रोही!' हा शब्द अर्धा सेकंद उशिरा आला तर आठ मीटर गेले. तिसरं, कान पुरते बुजवले जातात आणि मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही.

चौथा मार्ग वॉकी-टॉकीचा. भारतात २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच विनापरवाना वापरता येतात. पण ऑनलाइन दिसणारे किंवा परदेशातून आणलेले सगळेच संच या पट्ट्यातले नसतात. अमेरिकेत घरगुती वापराचे संच ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. तिकडे ते कायदेशीर, इथे नाहीत. अशा संचांची ऑनलाइन विक्री बेबंद झाली म्हणून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. घेण्याआधी कोणत्या पट्ट्यावर चालतो आणि भारतातली मान्यता आहे का, हे पाहावं. शिवाय वॉकी-टॉकीत बोलायला बटण दाबावं लागतं आणि एका वेळी एकालाच बोलता येतं. जीपगाड्यांच्या ताफ्याला ते ठीक आहे. मोटारसायकलवर उजवा हात ॲक्सिलरेटरवर, डावा क्लचवर. बटण दाबायचं कोणत्या हातानं?

समजा, इंटरकॉम घ्यायचं ठरलं. मग आधी हेल्मेट पाहा, संच नंतर. संचाच्या पेटीवरची वैशिष्ट्यं वाचण्यात पोरं तासभर घालवतात आणि डोक्यावर मात्र रस्त्याच्या कडेला मिळणारी टोपली. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीचं हेल्मेट आय.एस.आय. शिक्क्याचंच विकता येतं. संचाच्या पैशातून आधी ते घ्यावं. चांगल्या हेल्मेटमध्ये कानापाशी स्पीकर बसायला खळगा असतो. तो नसेल तर आतला थर्माकोल कोरू नका. अपघातात डोक्याचा मार तो थर्माकोल सोसतो. तिथं भोक पाडलं म्हणजे भिंतीतली वीट काढण्यासारखं झालं. संच चिमट्यानं किंवा चिकटपट्टीनं बाहेर बसतो, कवचाला ड्रिल लावण्याची गरज नसते.

स्पीकर नेमका कानाच्या भोकासमोर यावा. बोटभर खाली सरकला तरी आवाज निम्मा वाटतो, आणि लोक म्हणतात, संच खराब आहे. माईक ओठाजवळ हवा. पूर्ण बंद हेल्मेटला वायरचा छोटा माईक हनुवटीच्या बाजूला चिकटवतात. उघड्या किंवा वर उचलायच्या हेल्मेटला दांडीचा माईक लागतो. माईकवरचा स्पंज फेकू नका. वाऱ्याचा घोंघाट तोच अडवतो.

या घोंघाटाबद्दल थोडं सांगायला हवं. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज १०० डेसिबलच्या जवळपास जाऊ शकतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या हिशेबानं ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास सोसावा. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबल फक्त १५ मिनिटं. या घोंघाटावर मात करायला आपण स्पीकरचा आवाज आणखी वाढवतो. कान दोन्हीकडून मार खातो. उपाय साधा आहे. काच बंद ठेवा, हेल्मेट मापाचं घ्या आणि वेग कमी ठेवा. वेग कमी झाला की संच आपोआप 'चांगला' होतो.

संचाची परीक्षा दुकानात होत नाही, ती रस्त्यावर होते. ज्याच्याकडे आहे त्याचा जोड एका सकाळी मागून घ्या. राज्य रस्त्यावर किलोमीटरच्या दोन दगडांच्या मधे दर २०० मीटरला छोटे दगड असतात. एकानं एका दगडापाशी उभं राहावं, दुसऱ्यानं पुढे जात राहावं. कुठल्या दगडाला आवाज फाटतो, ते पाहावं. हीच परीक्षा वळणापलीकडे आणि मधे ट्रक असताना करावी. मग ५०-६० च्या वेगानं जाताना एकानं आकडे म्हणावेत आणि दुसऱ्यानं तेच परत म्हणावेत. आपल्या मराठी आकड्यांसारखी परीक्षा नाही. त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. सदुसष्ट आणि अडुसष्ट. एकोणसाठ आणि एकोणसत्तर. दहातले नऊ बरोबर आले तर संच कामाचा. गाणी किती छान वाजतात यावर संच निवडू नये.

आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. एक, पाणी आणि धूळ. पेटीवर 'आय.पी. ६७' असं काहीतरी असतं. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, आणि ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी टिकतो. आपल्या पावसाला आणि उन्हाळ्यातल्या फुफाट्याला हे हवंच. दोन, बटणं. हातमोजा घालून, न बघता, डाव्या हाताच्या एका बोटानं दाबता येतील अशी मोठी बटणं हवीत. तीन, बॅटरी. ही लिथियमची असते आणि तिला उष्णता सोसत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असतो. हेल्मेट गाडीच्या आरशाला लटकावून दिवसभर उन्हात ठेवलं तर बॅटरीचं आयुष्य घटतं. तापलेला संच लगेच चार्जिंगला लावू नये, सावलीत निवू द्यावा.

आता पैशांचं. असे संच साधारण दोन-तीन हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत मिळतात. शेतकऱ्याच्या घरी तीस हजार म्हणजे खत-बियाण्याचे पैसे, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी सांगतो ती युक्ती अशी. दहा जणांच्या जथ्याला दहा संच लागत नाहीत. सर्वांत पुढचा आणि सर्वांत मागचा, या दोघांना द्या. पुढचा रस्ता सांगतो. मागचा कोण मागे पडलं, कोणाचं चाक बसलं ते सांगतो. जथा लांबला तर तिसरा संच मधल्याला द्या. संच जाळ्याचे असतील तर तो दोघांमधला पूल होतो. बाकीच्यांना हाताच्या खुणा पुरतात. हे तीन संच गावातल्या मंडळानं वर्गणीतून घेतले आणि जो जथा जाईल त्याला दिले, तर कोणाच्याच खिशाला भार नाही. आमच्याकडे फवारणीचा पंप आळीपाळीनं वापरतातच की.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. संच आला म्हणजे बोलायचं कसं, हे शिकावं लागतं. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठातले फ्रँक ड्रूझ, मोनिशा पसुपती आणि डेव्हिड स्ट्रेअर यांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गाडी चालवताना, हात मोकळे ठेवूनही, फोनवर बोलणारा माणूस जास्त चुकतो. पण शेजारी बसलेल्याशी बोलणारा तितका चुकत नाही, असं त्यात दिसलं. कारण शेजारच्याला रस्ता दिसत असतो. गर्दी आली की तो गप्प होतो, प्रसंगी 'ते वळण बघ' म्हणून मदतही करतो. फोनवरच्या माणसाला आपल्यासमोर काय आहे ते ठाऊक नसतं, तो बोलत सुटतो. इंटरकॉमवरचा सोबती या दोघांच्या मधला आहे. तो त्याच रस्त्यावर आहे, पण नेमका तुमच्या जागी नाही. त्यानं शेजाऱ्यासारखं वागावं, फोनवाल्यासारखं नव्हे. आणि घरून आलेला फोन संचातून घेता येतो म्हणून घेऊ नये. गाडी बाजूला लावून घ्यावा. मोबाइल हातात धरून चालवणं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात धोकादायक वाहनचालनातच मोडतं.

'नेमका तुमच्या जागी नाही' हे मी का म्हणालो, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही काही जण माहूरहून परतत होतो. पुढे उसाचा ट्रक होता. पहिल्या गाडीवाल्यानं तो ओलांडला आणि मागच्याला संचातून सांगितलं, "ये, मोकळं आहे." तो खोटं बोलला नव्हता. तो बोलला त्या क्षणी रस्ता मोकळाच होता. मागचा पोरगा निघाला, आणि वळणावरून एस.टी. आली. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबून जागा दिली म्हणून तो पोरगा आज आहे. पुढच्या चहाच्या टपरीवर आम्ही थांबलो तेव्हा त्याच्या हातात कप धरवत नव्हता. तो सारखं एकच म्हणत होता, "त्यानं ये म्हटलं होतं ना."

हिशेब करून पाहा. तुम्ही ताशी ६० नं, समोरचा ताशी ६०. दोघांमधलं अंतर सेकंदाला ३३ मीटर या वेगानं घटतं. 'ये' हा शब्द ऐकून, गिअर बदलून, ट्रकच्या शेजारी पोचेपर्यंत पाच सेकंद जातात. तेवढ्यात जवळजवळ १६५ मीटर रस्ता संपलेला असतो. पाच सेकंदांपूर्वीचं 'मोकळं' तोवर शिळं झालेलं असतं. आणि कानात ओळखीच्या माणसाचा आवाज आला की आपण स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून त्याच्यावर टाकतो. हा या संचाचा खरा धोका आहे, आणि तो कुठल्याही पेटीवर छापलेला नसतो.

त्या दिवसापासून आमच्या मंडळींनी एक नियम केला. संचावर 'थांब' म्हणता येतं, 'ये' म्हणता येत नाही. धोका सांगायचा, परवानगी द्यायची नाही. 'ट्रक येतोय', 'रोही डावीकडून', 'खड्डा मधोमध', 'ट्रॉली, दिवा नाही', असे दोन-तीन शब्दांचे निरोप. आधी वस्तू, मग बाजू. ऐकणाऱ्यानं 'ऐकलं' एवढंच म्हणायचं. कोणी ओलांडत असेल तेव्हा सगळ्यांनी तोंड बंद. गावातून जाताना, बाजारातून जाताना बोलणं नाही. गाणी नाहीत. संच मधेच बंद पडला तर घाबरून वेग वाढवायचा नाही. पुढच्यानं पुढच्या थांब्यावर वाट पाहायची. म्हणून निघण्याआधीच थांबे ठरवायचे.

पती-पत्नी एका गाडीवर असतील तर साधा जोड पुरे, हे मी सांगितलंच. पण मागे बसणाऱ्या बाईच्या डोक्यावरही हेल्मेट हवं. आपल्याकडे ती पदर सांभाळत, एका हातानं लेकरू धरून बसते, आणि वेग जास्त वाटला तर नवऱ्याच्या पाठीवर थाप मारते. त्या थापेकडे तो लक्ष देतोच असं नाही. संचातून "अहो, सावकाश" असं कानातच ऐकू आलं, तर टाळायला जागा राहत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरी नवऱ्यानं मोठ्या हौसेनं संच आणला आणि महिनाभरात म्हणू लागला, बॅटरी टिकत नाही. बायको म्हणाली, बॅटरी टिकते, हेच बंद करून ठेवतात.

तर राजेहो, सगळं आवरून सांगायचं झालं तर असं. आधी आय.एस.आय.चं हेल्मेट, मग संच. दोघंच असाल तर साधं ब्लूटूथ. नेहमीचे चार-पाच असाल तर जाळ्याचा, सगळ्यांचा एकाच कंपनीचा, आणि दुरुस्तीची सोय अकोला-अमरावतीत तरी आहे का ते विचारून. मोठा जथा असेल तर पुढचा, मधला आणि मागचा. घेण्याआधी दगड मोजून आणि आकडे म्हणून परीक्षा. घेतल्यावर 'थांब' म्हणायचं, 'ये' म्हणायचं नाही. आणि ज्याला हे परवडत नाही त्यानं वाईट वाटून घेऊ नये. दोन गाड्यांत पुरेसं अंतर, डाव्या हाताची खूण आणि ठरलेले थांबे, ही विनाबॅटरीची यंत्रणा आजही चालते आणि पावसात भिजून बिघडत नाही.

येत्या हंगामात रात्री-बेरात्री माल घेऊन, सोयऱ्यांकडे, यात्रेला आपण निघालच. सोबत निघालेले सगळे सोबतच घरी पोचोत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)